कोरडा सांधा

गुण्याने आयुष्यात एकही सांधा कोरडा सोडला नव्हता. खुर्ची असो, दार असो, नाहीतर कुणाच्या नातवाची लाकडी गाडी असो, लाकूड लाकडात बसवायच्या आधी आत चिकटवायचा सरस लागलाच पाहिजे. मी हे खात्रीने सांगते, कारण त्याच्या कारखान्यासमोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला माझं धार लावायचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून ते चाक मी फिरवते. गुण्याच्या पटाश्या, रंध्याची पाती, करवती, सगळं माझ्या हाताखालून जातं. आणि गिऱ्हाईक म्हणून सांगायचं तर माणूस महाकटकटी. धार लावून दिलेली पटाशी उजेडात धरणार, नखावर टेकवणार आणि "ताई, उजव्या कोपऱ्यात किंचित..." म्हणत परत माझ्यासमोर ठेवणार. हा 'किंचित' ऐकला की माझं डोकं फिरतं.

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. काटकोन तपासायला सुतार जे हत्यार वापरतात त्याला गुण्या म्हणतात. हा माणूस लहानपणापासून जेवायच्या टेबलापासून शेजाऱ्याच्या कंपाउंडपर्यंत दिसेल त्याला ते हत्यार लावून बघायचा. म्हणून दादाने त्याचं हे नाव ठेवलं, आणि सगळ्या गल्लीने उचललं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याच्याबद्दल आधीच सांगून टाकते, कारण तो रात्री पाठ कुठे टेकतो याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

हे दोघे आणि त्यांचे वडील एकाच कारखान्यात काम करायचे. एकदा भिंतीला लावलेली ओल्या फळ्यांची थप्पी कोसळली. वडील आणि दादा दोघेही खाली सापडले. गुण्या बिजागऱ्या आणायला बाजारात गेला होता, तेवढाच वाचला. फळ्या उपसून माणसं आत पोहोचेपर्यंत वडील गेले होते आणि दादा त्यांच्या शेजारी, डोळे उघडे ठेवून, तसाच अडकून पडला होता. अंगावर फारशी जखम नव्हती. आम्हाला वाटलं, पोरगा बचावला.

पण त्यानंतर दादाला छप्पर सोसेना. दार लावलं की तो घामाने भिजायचा. आधी ओट्यावर झोपायला लागला, मग फाटकापाशी, आणि मग एके दिवशी तो तळ्याकाठच्या बागेत सापडला, एका लांब बाकड्यावर, गाढ झोपलेला. त्या बागेतली सगळी बाकडी वडिलांनीच या दोघांना हाताशी घेऊन केली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली, हातापाया पडणं झालं. घरी आणला की पहाटे अंथरूण रिकामं. बोलणंही सुटलं. जवळ गेलं की उठून चालायला लागायचा. शेवटी काकू, म्हणजे त्यांची आई, म्हणाली, "आणू नका त्याला ओढून. तिथे झोपतो ना? मग तीच त्याची खोली."

तेव्हापासून संध्याकाळी काकू डबा घेऊन बागेत जायची, कुंपणाकडच्या शेवटच्या बाकड्याच्या पायाशी ठेवायची आणि लांब जाऊन बसायची. दादा यायचा, जेवायचा, नळावर डबा धुवायचा आणि ओलाच तिथे पालथा घालून ठेवायचा. मग आडवा व्हायचा. पोरगा आडवा झालेला दिसला की काकू डबा उचलून घरी यायची. तिखट मात्र तिला जपून घालून चालायचं नाही. दादाला जेवताना नाक गळलं पाहिजे. घरात गुण्याचं पोट तिखटाला पार नाजूक, त्यामुळे काकू दोन भांड्यांत दोन वेगळ्या भाज्या शिजवायची. पुढे तिचे गुडघे गेले आणि डबा न्यायचं काम गुण्याकडे आलं. तो परत आला की काकू दारातच विचारायची, "टेकली का रे पाठ?"

"टेकली."

या एका शब्दावर ती बाई झोपायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

मग बागेतली बाकडी बदलायची ठरली. जुनी झाली होती हे खरंच. फळ्यांना भेगा पडल्या होत्या, पाय खालून कुजले होते. बागेचा साहेब स्वतः कारखान्यात आला. साधा माणूस, घाम पुसत बोलणारा. म्हणाला, जुनी बाकडी तुमच्या वडिलांची, तर नवीही तुम्हीच करा. त्याने वरून आलेलं चित्र टेबलावर पसरलं. बाकडी चांगलीच होती, पाठीला उतार, बसायला रुंद फळ्या. फक्त प्रत्येक बाकड्याच्या बरोब्बर मध्ये एक हात होता. खुर्चीला दोन बाजूंना असतात ना, तसा एक, मधोमध.

"हा कशाला?" गुण्याने विचारलं.

"लोक आडवे होतात," साहेब म्हणाला. "तक्रारी आहेत. माझ्या हातात नाही ते, चित्र वरून आलंय."

साहेब गेल्यावर मी गल्ली ओलांडून गेले आणि गुण्याला चांगलं झाडलं. म्हटलं, "सरळ नाही म्हणून सांग. सख्ख्या भावाच्या अंथरुणात खुंटा ठोकणार आहेस का?" तो टेबलाच्या कडेला गुण्या लावून बघत बसला. राग आला की तो असंच करायचा.

तोड काढली ती काकूने. सुताराची बायको आणि सुतारांची आई होती ती. म्हणाली, "तू नाही म्हटलंस तर दुसरा करेल. तो हात पक्का ठोकेल आणि मोकळा होईल. तू केलंस तर एक तरी सुटा ठेवता येईल."

त्यासाठी वडिलांचीच एक पद्धत होती. सांधा पक्का करायचा तर आत सरस लावून आरपार खुंटी मारतात, आणि खुंटीच्या डोक्यात चीर पाडून तिच्यात बारीक पाचर बसवतात. ती चीर नेहमी लाकडाच्या रेषांना आडवी असते. रेषेच्या दिशेने पाचर मारली तर लाकूड फुटतं. पण एखादी वस्तू पुन्हा सोडवायची असेल, तर वडील खुंटीची चीर मुद्दाम रेषेत ठेवायचे, पाचर मारायचे नाहीत आणि सांधा कोरडा ठेवायचे. ही घरातली खूण होती. अंधारातसुद्धा बोट फिरवलं की कळायचं. पोरं लहान असताना आईपासून खाऊ लपवायची पेटी दादाने अशाच खुंटीवर बंद केली होती, हे काकूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"आयुष्यात पहिल्यांदा कोरडा सांधा करणार मी," गुण्या मला म्हणाला. कोरड्या सांध्याला वडील चोरी म्हणायचे. स्वतः सोडवायची वस्तू केली तरच ते तसं करायचे. पोरांनी आळसाने सरस चुकवला तर कानाखाली बसायची.

काम सुरू झालं. जुनी बाकडी उखडून त्यांच्या फळ्या बागेतल्या पंपाच्या खोलीमागे रचल्या गेल्या. दादा त्या ढिगावर झोपायला लागला. गुण्या रोज डबा तिथे ठेवायचा आणि रोज बारीक होत चालला होता. दिवसभर रंधा, गिरमिट, करवत. माझ्याकडे पटाश्या इतक्या वेळा यायला लागल्या की मी शेवटी ओरडले, "अरे लाकूड कापतोस की दगड?" तो म्हणाला, "ताई, हा एक सांधा सरस नसतानाही हलता कामा नये. साहेब हलवून बघणार. आणि उचलला तर अलगद निघायला हवा." तो सांधा त्याने किती वेळा घासला, बसवला, काढला, परत घासला, देव जाणे. मला बोलावून दाखवलं. हात हलवून बघितला, ठाम. मग त्याने खुंटी मागून अंगठ्याने दाबली, ती पुढून बाहेर आली, आणि हात दोन बोटांनी वर उचलला. बिनआवाज निघाला. मी इतक्या वर्षांत त्याचं कौतुक केलं नव्हतं, त्या दिवशी केलं. म्हटलं, "किंचित बरं जमलंय."

हे हात बाकड्यांना कारखान्यात लावता येत नव्हते. टेम्पोत बाकडी एकावर एक रचायची, तर मधला हात आड येतो. म्हणून सगळे हात वेगळे नेले आणि बागेत बाकडी जमिनीत पक्की केल्यावर एकेक बसवायला घेतले. मी पाणी आणि चहा घेऊन गेले होते, आणि मग धरायला माणूस कमी म्हणून तिथेच अडकले. गुण्याच्या एका हातात सरसाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. भोकात सरस, लाकडी हाताच्या पायाला सरस, पाय भोकात, वरून मोगरीचा ठोका, खुंटी, पाचर. पुढचं बाकडं. कुंपणाकडचं बाकडं सगळ्यांत शेवटी करायचं हे आमचं ठरलं होतं.

त्या शेवटच्या बाकड्यापाशी आलो आणि नेमका साहेब आला. दुसऱ्या दिवशी वरचे लोक बघायला येणार होते, म्हणून तो धास्तावला होता. प्रत्येक हात हलवून बघत बघत तो आमच्यापर्यंत पोहोचला.  पण तो तिथे हात न लावता नुसता उभा राहिला, आणि म्हणाला, "मी नोकरीला लागलो तेव्हा तुमचे वडील ही जुनी बाकडी लावत होते. मला म्हणाले होते, साहेब, ही बाकडी तुमच्या निवृत्तीपर्यंत टिकतील. टिकली हो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. असा माणूस पुन्हा बघितला नाही मी."

गुण्याने मान वर केली नाही. त्याचे डोळे भरून आले होते. साहेब वडिलांबद्दल आणखी काही काही सांगत राहिला, ते कसे बसायचे, पेन्सिल कशी कानामागे विसरायचे. गुण्या ऐकत होता आणि त्याचे हात काम करत होते. त्याने पाय भोकात बसवला, मोगरी मारली, खुंटी घातली. खुंटीची चीर रेषेत होती, ती मी स्वतः पाहिली. साहेबाने हात हलवला, मान डोलावली आणि निघून गेला. आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग गुण्या पंपाच्या खोलीमागे गेला. मजुरांनी जुन्या फळ्या टेम्पोत भरायला घेतल्या होत्या आणि दादा थोड्या अंतरावर, भिंतीला पाठ लावून, ते बघत उभा होता. गुण्या त्याच्याजवळ गेला नाही. लांबूनच, जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, कुंपणाकडचं बाकडं. चीर रेषेत आहे."

दादा टेम्पोत चढणाऱ्या फळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. पण तो शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. वडील गेल्यापासून तो कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता. गुण्या परत येताना अक्षरशः धावत होता. घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, तीनदा सांगितलं. काकू रडली, मग हसली, मग म्हणाली, "आज बोलला, उद्या घरी येईल. दाराशिवायची एक खोली बांध रे त्याला." दोघं मायलेक बसून ती खोली कशी असेल याच्या गप्पा मारत होते. छप्पर किती उंच, भिंती किती बुटक्या. तिने त्या संध्याकाळी डबा असा भरला की झाकण दाबून बसवावं लागलं. गुण्याने तो बाकड्यापाशी ठेवला, आणि दादाला कुणाच्या नजरेशिवाय खुंटी काढता यावी म्हणून त्या रात्री थांबला नाही.

सकाळी तो मला घेऊनच बागेत गेला. त्याला ते कुणाला तरी दाखवायचं होतं.

बाकडं रिकामं होतं. मधला हात जागच्या जागी उभा होता. डबा बाकड्यावर होता, झाकण लावलेला, जेवण जसंच्या तसं. डब्यातला चमचा बाजूला पडला होता, पार वाकडा झालेला. आणि झाकणावर, मधोमध, खुंटी ठेवलेली होती.

मला आधी समजेना. खुंटी निघाली होती, मग हात का नाही? गुण्या गुडघ्यांवर बसला. त्याने हात धरून वर उचलला. हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. सांध्याभोवती फळीवर ओरखडे होते, चमचा घालून कुणीतरी खूप वेळ उचकटायचा प्रयत्न केलेला. एका ठिकाणी रक्ताचा डाग होता. गुण्याने खालून बोट फिरवलं आणि ते तसंच तिथे राहिलं.

"ताई," तो म्हणाला, "मी सरस लावला."

"काहीतरी बोलू नकोस."

"लावला. साहेब बाबांबद्दल सांगत होता. माझ्या लक्षातच... हात चालत होता माझा. लावला मी."

मी खाली वाकून बघितलं. सांध्याच्या कडेला सरसाची बारीक, सुकलेली ओळ होती. नीट, एकसारखी. पुसूनसुद्धा घेतलेली. या माणसाला घाईत, रडताना, कशाचंही भान नसतानासुद्धा वाईट काम करता आलं नव्हतं, आणि मला त्याचा इतका संताप आला की मी त्याच्या पाठीत धपाटा मारला. मग त्याच्याजवळ बसून मीच रडायला लागले.

त्याने तो हात कापला. तिथेच, भर सकाळी, वरचे लोक यायच्या आधी, मी धार लावलेल्या करवतीने. साहेब धावत आला, "अहो हे काय, अहो हे काय" करत. गुण्याने कापायचं थांबवलं नाही. हात खाली पडल्यावर म्हणाला, "इथे माझा भाऊ झोपतो." साहेब हातातल्या रुमालाशी चाळा करत उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो, त्याने त्या दिवशी कुणाला काही कळू दिलं नाही. पण थोड्याच दिवसांत दुसरं कुणीतरी येऊन त्या जागी लोखंडी हात बोल्टने आवळून गेलं.

आम्ही दादाला शोधलं. पुलाखाली, बसस्थानकाच्या आवारात, दवाखान्यांच्या दारात. गुण्या रोज संध्याकाळी एक नवा रस्ता धरायचा. दुसऱ्या बागांमध्ये गेलो तर तिथेही सगळीकडे मधले हात. लोकांना काय विचारायचं तेही कळत नव्हतं. न बोलणारा माणूस, उघड्यावर झोपणारा; असे किती दाखवले आम्हाला, एकही दादा नव्हता. तो कुठे गेला असेल यापेक्षा त्याला काय वाटलं असेल हेच गुण्याला खात होतं. भावाने सांगितलं, खुंटी सुटी आहे. खुंटी खरोखर निघाली. आणि हात निघाला नाही. "त्याला वाटलं असेल मी चेष्टा केली," गुण्या एकदा म्हणाला. मी म्हटलं, नसेल वाटलं. पण मलाही तसंच वाटत होतं.

बाकडं रिकामं सापडलं त्याच दिवशी काकूने दारात विचारलं होतं, "खुंटी निघाली का त्याला?"

आणि गुण्या म्हणाला होता, "निघाली."

खोटं नव्हतं ते. त्यापुढचं त्याला सांगता आलं नाही. मी बाजूलाच उभी होते, मलाही नाही सांगता आलं. काकूचा चेहरा असा उजळला की कुणाची हिंमत झाली असती? "टेकली ना पाठ?" तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "टेकली."

मग डबा भरणं चालू राहिलं. गुण्या तो घेऊन बागेत जायचा, आधी शोधायला फिरायचा, मग कुंपणाकडच्या बाकड्यावर लोखंडी हाताच्या एका बाजूला बसायचा आणि दादाचं जेवण जेवायचा. टाकून देववत नव्हतं त्याला. तिखटाने त्याचं पोट पेटायचं. दुसऱ्या दिवशी रंधा मारताना मध्येच पोट धरून बसलेला दिसायचा. मी म्हटलं, "घाल की कुत्र्याला." तो म्हणाला, "आईने केलंय." मग नळावर डबा घासायचा, खिशातल्या रुमालाने कोरडा करायचा आणि घरी न्यायचा. घरी परत थोडंसं जेवायचा, आईला संशय नको म्हणून.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एका संध्याकाळी मी काकूजवळ बसले होते, तिची विळी धार लावून आणली होती. गुण्या आला. त्याने डबा तिच्या हातात दिला.

"टेकली का रे पाठ?"

"टेकली."

काकूने झाकण उघडलं, आतून बोट फिरवलं. मग डबा मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता बसून राहिली.

"दादा डबा पुसत नाही," ती म्हणाली. "ओल असते आत नेहमी."

गुण्या दारातच उभा होता.  मी माझ्या पायांकडे बघत राहिले.

काकूने झाकण परत लावलं. दोनदा दाबून बघितलं.

"उद्यापासून तिखट कमी घालते," ती म्हणाली. "तुला सोसत नाही."